कोरा रकाना

संशोधक हा शब्द आमच्या विद्यार्थिदशेंत जरा जपूनच वापरला जात असे. इतिहासाचार्य राजवाड्यांनीं गांवोगांव पायपीट केली, लोकांच्या माळ्यांवर धूळ खात पडलेलीं दप्तरें उलगडलीं आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड प्रसिद्ध केले. तेव्हां त्यांस संशोधक म्हणावें आणि इतरांनीं पाठ्यपुस्तक वाचून परीक्षा द्यावी, अशी एक सोयीस्कर वांटणी आम्हीं मनाशीं करून ठेविली होती. आतां ती वांटणी उरली नाहीं. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें पदवीच्या अभ्यासक्रमांतच संशोधनासाठीं पान वाढलें, आणि नुकतें मिसरूड फुटलेला मुलगा किंवा कालपरवां शाळेचा गणवेश उतरविलेली मुलगी हातांत प्रश्नावली घेऊन लोकांच्या उंबरठ्यावर उभी राहूं लागली.

"सर, माझें संशोधन अर्धें झालें आहे," असें एखादा विद्यार्थी जिन्यांत गांठून सांगतो, तेव्हां आमच्या वयाच्या प्राध्यापकाच्या ओठांवर हसूं येतें खरें. पण तें हसूं आम्ही अलीकडे गिळून टाकतों. त्याचें कारण थोडें लाजिरवाणें आहे. आणि तें सांगण्यासाठींच हा लेख लिहिण्यास बसलों आहों.

सामाजिक शास्त्रांतील संशोधनाचे प्राथमिक धडे आम्ही पदवीच्या वर्गाला पुष्कळ वर्षें देत आलों. पहिला धडा विषयाच्या निवडीचा. मुलांनीं मनाशीं योजून आणलेले विषय ऐकावे, तर ते असे : 'ग्रामीण महाराष्ट्रांतील स्त्रियांची स्थिति', 'बेकारी : कारणें व उपाय', 'जागतिकीकरणाचे समाजावरील परिणाम'. यांतील एकेका विषयाला एकेक जन्म पुरावयाचा नाहीं, आणि मुलांच्या हातीं असतात अडीच महिने व बसचा पास. मग आम्ही विषय फळ्यावर लिहितों आणि त्याला कात्री लावूं लागतों. ग्रामीण महाराष्ट्र म्हणजे कोणतें गांव? स्त्रिया म्हणजे कोणत्या वयाच्या? स्थिति म्हणजे शिक्षण, मजुरी, कीं घरांतला पैसा कोणाच्या हातीं असतो तें? असें करतां करतां तासाच्या अखेरीस फळ्यावर एवढेंच उरतें : 'अमुक गांवांत म्हशींची धार ज्या बायका काढतात, त्यांच्या दुधाचे पैसे डेअरींत कोणाच्या नांवावर जमा होतात?' मुलांचे चेहरे पडतात. आपण एवढा हत्ती आणला आणि मास्तरांनीं त्याची शेपटीच काय ती ठेविली, असा भाव त्यांवर उमटतो. पण शेपटी घट्ट धरली, तरच कधीं काळीं हत्तीपर्यंत पोंचण्याची आशा असते, हें त्यांस पटावयास एक सत्र जावें लागतें.

दुसरा धडा नमुन्याचा. येथें आमची एक म्हण कामास येते आणि तीच घातहि करते. 'शितावरून भाताची परीक्षा', असें मुलें मोठ्या उत्साहानें सांगतात. आम्ही विचारतों : भात सारखा शिजला असेल, तर एक शीत पुरे; पण तळाचा करपला आणि वरचा कच्चा राहिला असेल, तर? शीत कोठून उचललें, हें सांगितल्याशिवाय परीक्षेला अर्थ काय? या ठिकाणीं आम्ही डॉ. हॅरल्ड मॅन यांचें उदाहरण देतों. हे मूळचे रसायनशास्त्राचे गृहस्थ, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य. त्यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गांवाची बारकाईनें पाहणी केली आणि १९१७ मध्यें 'लँड अँड लेबर इन ए डेक्कन व्हिलेज' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. १७७१ सालीं त्या गांवांत दर खातेदारामागें सरासरी ४० एकर जमीन होती, ती दीडशें वर्षें भरण्यापूर्वींच ७ एकरांवर आली, हा त्यांचा निष्कर्ष पुढें अनेक ग्रंथांतून उद्धृत झाला. परंतु मुलांना आम्ही आवर्जून सांगतों तें त्यापुढचें. शहराला इतकें लागून असलेल्या गांवावरून साऱ्या दख्खनची कल्पना कशी यावी, या शंकेला डॉ. मॅन यांनीं बगल दिली नाहीं. शहराच्या वाऱ्यापासून दूर असलेलें जातेगांव बुद्रुक त्यांनीं निवडलें, पुन्हां सारा खटाटोप केला आणि १९२१ मध्यें दुसरा ग्रंथ प्रसिद्ध केला. एक शीत मऊ लागलें म्हणून पातेलें उतरविण्याची घाई त्यांनीं केली नाहीं.

तेंच पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत मोडतें. एकदां मुलांना तेथें घेऊन गेलों, तों शेतांच्या जागीं उंच उंच इमारती, आणि प्रत्येक फाटकाशीं रखवालदार. "सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी आणा," एवढ्या एका वाक्यानें आमची पाहणी आटोपली. मुलें हिरमुसलीं. आम्हीं त्यांस म्हटलें कीं, हीहि एक माहितीच समजा. ज्यांचीं दारें उघडतात त्यांचेच आपण आंकडे घेतों, आणि ज्यांच्या फाटकावर रखवालदार असतो ते आपल्या हिशेबांतून अलगद गळतात. हें वाक्य आम्ही मोठ्या डौलानें बोललों होतों. त्याचा अर्थ आम्हांस स्वतःला उमगला नव्हता, हें पुढें कळलें.

तिसरा धडा प्रश्न विचारण्याचा. विद्यार्थी ओसरीवर बसून विचारतो, "मावशी, तुम्ही काय काम करतां?" मावशी म्हणतात, "काम कसलं बाबा? मी घरीच असते." असें म्हणतांना त्यांचे हात शेंगा फोडीत असतात, पहांटे दोन म्हशींची धार झालेली असते, गवताचा भारा बांधावरून आलेला असतो. विद्यार्थी रकान्यांत 'काम नाहीं' असें लिहून परततो. येथें मावशींचें चुकत नाहीं, प्रश्नाचें चुकतें. "काल उठल्यापासून काय काय केलंत?" असें विचारून पाहावें; सांगतां सांगतां मावशी स्वतःच थक्क होतात. केंद्र सरकारनें २०१९ मध्यें लोक आपला वेळ कसा घालवितात याची देशभर पाहणी केली, तिचें मर्म हेंच. काम करतां कीं नाहीं, हें लोकांच्या मतावर न सोडतां चोवीस तासांचा हिशेबच मागावयाचा.

हें सारें आपण बऱ्यापैकीं शिकवितों, असा आमचा समज होता. तो ढासळला, त्याची हकीकत आतां सांगतों.

आठ-नऊ वर्षांपूर्वीं आम्ही तृतीय वर्षाच्या सहा विद्यार्थ्यांस घेऊन भोर तालुक्यांतील एका गांवीं गेलों. प्रत्येकास पन्नास घरांची यादी दिली आणि दोन दिवसांची मुदत. घरांतील माणसें, त्यांचीं वयें, शिक्षण, जमीन, जनावरें, उत्पन्न व कर्ज, असे रकाने होते. निघतांना आम्हीं बजावलें कीं, अपुरी वही घेतली जाणार नाहीं.

आठवड्यानें वह्या आल्या. त्यांतील दोनच आमच्या लक्षांत राहिल्या आहेत. एका मुलाची वही पाहून डोळे निवाले. पन्नासपैकीं पन्नास घरें, अक्षर मोत्यासारखें, शेवटीं बेरजा आणि कोष्टकें. दुसरी वही एका मुलीची. तींत एकतीसच घरें. आणि त्यांतहि जागोजाग कोरे रकाने. कोठें 'घर बंद, दोनदां गेलें' असा शेरा. कोठें 'सूनबाई सांगणार होत्या, सासूबाईंनीं आंत बोलाविलें'. कोठें नुसतें 'सांगितलें नाहीं'. वयांच्या रकान्यांत तर 'अंदाजें ६०', 'अंदाजें ५५' यांची रांग. शेजारीं पेन्सिलीनें बारीक टिपणें : 'पानशेत फुटलें तेव्हां रांगत होते', 'कोयनेच्या भूकंपांत पाळण्यांत होत्या', 'बहात्तरच्या दुष्काळांत लग्न झालें'. आम्हांस ती सारी खोडाखोड वाटली. पन्नासपैकीं मुलास ४६ गुण दिले आणि मुलीस २४.

ती मुलगी खोलीवर आली. तिनें तक्रार केली नाहीं. म्हणाली, "सर, पुढच्या वेळीं मी एकहि रकाना रिकामा ठेवणार नाहीं. सगळे भरून आणीन." तें ऐकून आम्हांस समाधान वाटलें. इतकें, कीं प्राध्यापकांच्या खोलींत चहा घेतांना आम्हीं तिच्या नम्रतेचें कौतुकहि केलें.

पुढच्या वर्षीं नव्या वर्गाला वयांच्या नोंदींविषयीं शिकवीत होतों. आपल्या देशांतील जनगणनेंत शून्यानें व पांचानें संपणाऱ्या वयांपाशीं माणसांची गर्दी होते, ही लोकसंख्याशास्त्रांतील जुनी व सर्वश्रुत गोष्ट. जन्मतारीख ठाऊक नसलेला मनुष्य वय विचारलें कीं चाळीस, पंचेचाळीस, साठ असेंच सांगावयाचा. ही गर्दी मोजण्याचें एक माप व्हिपल यांच्या नांवानें प्रसिद्ध आहे. २३ ते ६२ या वयांपुरतें पाहावयाचें. गर्दी मुळींच नसेल तर आंकडा १००, आणि प्रत्येकानें शून्यावर किंवा पांचावरच बोट ठेविलें तर ५००. उदाहरणासाठीं आम्हीं त्या दोन वह्या बरोबर नेल्या होत्या आणि वयस्क मंडळींचीं वयें फळ्यावर मांडलीं. मुलीच्या वहींतील बहुतेक शून्यानें वा पांचानें संपणारीं. मुलाच्या वहींतील ४७, ५३, ६१, ५८, ४४, ६२. जणूं प्रत्येकाच्या घरीं पत्रिका मांडलेली.

मागच्या बांकावरून एकानें विचारलें, "सर, गांव एकच ना? मग या आळीच्या म्हाताऱ्यांनाच आपलीं वयें इतकीं बिनचूक कशीं ठाऊक?"

"कारण त्यानें अधिक काळजीपूर्वक..." इतकें बोलून आम्ही थांबलों. खडू हातांतच राहिला. तास संपावयास वीस मिनिटें होतीं. तीं आम्हीं कशीं काढलीं, हें आतां आठवत नाहीं.

त्या रविवारीं त्या मुलाची यादी घेऊन आम्ही एकटेच गांवीं गेलों. तिसऱ्या घराला कुलूप होतें, आणि कुलपाला गंज. शेजारची आजी म्हणाली, "ती मानसं कवाची म्हमईला गेली. धा-बारा वरसं झाली." वहींत त्या घरीं पांच माणसें नांदत होतीं, दोन म्हशी होत्या आणि चाळीस हजारांचें कर्ज होतें. यादींतील पहिलीं दहा घरें आम्हीं पाहिलीं; त्यांपैकीं चार ठिकाणींच कोणी मुलगा येऊन गेल्याचें लोकांस आठवत होतें.

मुलगा तोंवर एका बँकेंत नोकरीस लागला होता. बोलाविल्यावर आला, आणि त्यानें कांहीं लपविलें नाहीं. "सर, एका घराला पाऊण तास लागत होता. पन्नास घरांना साडेसदतीस तास होतात. आपण दोन दिवस दिले होते." थोडें थांबून तो म्हणाला, "आणि अपुरी वही घेणार नाहीं, असें आपणच म्हणालां होतां." अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला त्याच्या विद्यार्थ्यानें गुणाकार करून दाखवावा, याहून अधिक शरमेची गोष्ट कोणती? वय भरतांना ० आणि ५ त्यानें मुद्दाम टाळले होते. तसे आंकडे फार आले तर तुम्हांला संशय येईल, असें त्याला वाटलें.

त्याच्यावर रागावण्याचा अधिकार आम्हांस नव्हता, आणि तो केवळ त्या गुणाकारामुळें नव्हे. एम. ए. ला असतांना एका उन्हाळ्यांत आम्ही रोजंदारीवर एका पाहणीचे तक्ते भरावयास गेलों होतों. चारची शेवटची एस. टी. गांठावयाची होती आणि पांच घरें राहिलीं होतीं. तीं आम्हीं गांवाबाहेरच्या चिंचेखालीं बसून भरलीं. त्या पांच कुटुंबांना आम्हीं जमिनी दिल्या, मुलेंबाळें दिलीं, एका घरीं तर दरसाल पंढरीची वारी करणारा म्हाताराहि दिला. तीं माणसें पुढें कोणाच्या तरी सरासरींत जाऊन बसलीं असतील. ही गोष्ट आम्हीं आजपर्यंत कोणालाहि सांगितली नव्हती. त्या मुलास त्या दिवशीं प्रथम सांगितली.

प्रशांतचंद्र महालनोबिस यांनीं बंगालमधील पिकांच्या पाहण्यांसाठीं एक रीत बसविली होती. एकाच प्रदेशांतून दोन स्वतंत्र नमुने घ्यावयाचे, दोन निरनिराळ्या तुकड्यांनीं ते पाहावयाचे आणि दोहोंचे निष्कर्ष एकमेकांशीं ताडावयाचे. ही रीत आम्ही वर्षानुवर्षें फळ्यावर सूत्रासह शिकविली होती. परंतु एवढ्या मोठ्या गणितज्ञानें चिंचेच्या सावलीचीहि तरतूद आपल्या गणितांत करून ठेविली आहे, हें आमच्या ध्यानीं आलें नव्हतें.

तथापि आमच्या मनाला लागून राहिलें तें मुलाचें खोटें नव्हे. 'सगळे भरून आणीन,' हें त्या मुलीचें वाक्य रात्रीं-अपरात्रीं कानांत घुमूं लागलें. मुलानें आमची फसवणूक केली, ती एका वहीपुरती. पण खरें लिहून आणणाऱ्या मुलीला आम्हीं २४ गुणांत पटवून दिलें होतें कीं, न मिळालेलें उत्तर हा अपराध आहे आणि तो झांकण्याची युक्ति तिच्याच हातांतल्या पेन्सिलींत आहे.

मग आम्हीं तिची वही पुन्हां उघडली आणि प्रथमच वाचली. कर्जाचा रकाना नऊ घरीं कोरा होता. तिनें वहीच्या शेवटच्या पानावर गांवाचा कच्चा नकाशा काढला होता. त्यावर तीं नऊ घरें शोधलीं, तों सात एकाच आळींतील निघालीं. त्या आळीच्या तोंडाशीं तिनें एका वाड्याची खूण करून लिहिलें होतें : 'येथें पैसे व्याजानें मिळतात. मालक ओट्यावर बसून असतात.' त्या ओट्यावरून दिसणाऱ्या दारांत उभें राहून कर्जाविषयीं कोण बोलणार? भरलेल्या रकान्यांनीं गांवाच्या कर्जाविषयीं जें सांगितलें, त्याहून अधिक त्या सात कोऱ्या रकान्यांनीं सांगितलें असतें. वाचणाऱ्याला वाचतां येत नव्हतें, इतकेंच.

निकाल लागून वर्ष झालें होतें. गुण बदलण्याची सोय नव्हती. आणि खरें सांगावयाचें तर, प्राचार्यांकडे जाऊन ती आहे का असें विचारण्याचें धैर्यहि आम्हांस झालें नाहीं. आम्हीं मुलीस पत्र लिहिलें. ती तेव्हां नाशकास एका शाळेंत शिकवूं लागली होती. घडलें तें सारें लिहिलें. चिंचेचें झाडहि वगळलें नाहीं. तिचें उत्तर पंधरा दिवसांनीं आलें. गुण किती मिळाले होते, तें आपल्याला आतां आठवत नाहीं, असें तिनें लिहिलें होतें. अकराव्या घरच्या आजी मात्र आठवतात. त्यांनीं उत्पन्न सांगितलें नाहीं, पण चहा घेतल्याशिवाय उठूं दिलें नाहीं. शेवटीं विचारलें होतें कीं, ती वही आपल्यापाशीं अजून आहे का.

गुण आठवत नाहीत, हें तिनें आमच्या समाधानासाठीं लिहिलें, कीं तें खरें होतें, हें आम्हांस अद्याप ठरवितां आलेलें नाहीं. वही परत पाठविण्याची तयारी आम्हीं दाखविली. आपल्याजवळच असूं द्या, वर्गांत उपयोगीं पडेल, असें तिनें कळविलें.

तेव्हांपासून आमच्या वर्गाची रीत बदलली. दोन दिवसांत दहा घरें, त्याहून एक अधिक नाहीं. त्यांपैकीं दोन घरीं दुसरा विद्यार्थी आठवड्यानें पुन्हां जातो, आणि दोन्ही नोंदी वर्गासमोर शेजारीं शेजारीं ठेवल्या जातात. त्या जुळल्या नाहींत तर कोणाला दोष न देतां कां जुळल्या नाहींत, तें शोधावयाचें. कोऱ्या रकान्याला गुण कापले जात नाहींत. तो कां कोरा राहिला, याच्या टिपणाला गुण मिळतात. आमचे कांहीं सहकारी यास आळसाला उत्तेजन म्हणतात. त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. न जातांच 'घर बंद' असें लिहिणारे महाभागहि आम्हांस भेटले आहेत. पण 'घर बंद' हें खोटें दुसऱ्या फेरींत तात्काळ उघडकीस येतें. पांच माणसें व दोन म्हशी यांचें खोटें, कोणी उलटून गेलें नाहीं तर, छापून येतें.

आतां तर कृत्रिम बुद्धिमत्तेचीं यंत्रें आलीं आहेत. पन्नास घरांचे तक्ते तीं चहा गाळून होईपर्यंत भरून देतात. आणि तसें सांगितलें, तर शून्य व पांच यांची गर्दीहि हुबेहूब करून देतात. त्या मुलाची लबाडी आम्हांस वयाच्या शेवटच्या आंकड्यावरून सांपडली. उद्यांची तशी सांपडणार नाहीं. ती ओळखण्याचा एकच उपाय आम्हांस ठाऊक आहे, आणि तो फार जुना आहे. एस. टी. नें जावें, तिसऱ्या घरापुढें उभें राहावें आणि कुलपाला गंज आहे का तें पाहावें.

असो. यंदाचा वर्ग पुढच्या सोमवारीं गांवीं निघणार आहे. निघण्यापूर्वींच्या तासाला आम्ही ती वही मुलांच्या हातोहात फिरवितों, अकराव्या घराचें पान उघडून. उत्पन्नाचा रकाना कोरा आहे, आणि शेजारीं, आतां पुसट होत चाललेल्या पेन्सिलीनें, लिहिलें आहे : 'आजींनीं सांगितलें नाहीं. दोनदां विचारलें. तिसऱ्यांदां विचारणें बरें वाटलें नाहीं.'